६० खाटांच्या रुग्णालयाची नळजोडणी आणि पाइपातच राहणारे जंतू

वास्तुरेखा

नमस्कार. मी वास्तुविशारद असून मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी उभ्या राहणाऱ्या ६० खाटांच्या धर्मादाय रुग्णालयाचा आराखडा सध्या माझ्याकडे आहे. नवजात बालकांसाठी १० खाटांचा अतिदक्षता विभाग, मोठ्यांसाठी ६ खाटांचा अतिदक्षता विभाग, पाच यंत्रांचे डायलिसिस केंद्र, दोन शस्त्रक्रियागृहे आणि बाकीचे सर्वसाधारण कक्ष अशी मांडणी ठरली आहे. गावात नगरपरिषदेचे पाणी पाच दिवसांआड येते आणि चैत्र-वैशाखात टँकर मागवावे लागतात, म्हणून जमिनीखाली १ लाख लिटरची आणि गच्चीवर ४० हजार लिटरची साठवण धरली आहे.

पाणी पुरेल का, दाब मिळेल का आणि गळती होणार नाही ना, या तीन प्रश्नांपलीकडे जाऊन मी आजवर नळकामाकडे पाहिले नव्हते. मागच्या आठवड्यातील बैठकीत संस्थेचे बालरोगतज्ज्ञ नकाशावर वाकले, नवजात विभागातील एका बेसिनवर त्यांनी पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, "या नळाचे पाणी बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पडणार आहे. ते टाकीपासून इथपर्यंत कोणत्या वाटेने येते आणि वाटेत किती वेळ थांबते, ते मला सांगा." वाट मी बोटाने दाखवली, थांबण्याचा वेळ मात्र मला सांगता आला नाही.

विश्वस्तांच्या तीन मागण्या आहेत. अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेशेजारी बेसिन हवे, सगळीकडे हात पुढे करताच सुरू होणारे सेन्सरचे नळ हवेत आणि गरम पाण्यासाठी गच्चीवर सोलर हवा. तिन्ही मागण्या स्वच्छतेच्या आणि बचतीच्या दृष्टीने योग्य वाटतात, तरी स्लॅब पडण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे म्हणून या चर्चामंचावर विचारते आहे. पाण्यातून होणारा संसर्ग टाळण्यासाठी आराखड्याच्या पातळीवरच काय ठरवून टाकावे आणि काय टाळावे?

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असून रुग्णालयातील संसर्ग नियंत्रणाचे काम पाहते, त्यामुळे जंतूंच्या बाजूने लिहिते. पाइपांचे येथील जुने जाणकार सांगतीलच.

दूषित पाणी म्हटले की आपल्याला गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर आठवतात, म्हणजे पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने होणारे आजार. रुग्णालयात त्यांच्या जोडीला जंतूंची आणखी एक जमात असते, आणि ती पाइपातच संसार थाटून राहते. स्यूडोमोनास, लीजनेला, असिनेटोबॅक्टर, स्टेनोट्रोफोमोनास ही त्यातली नेहमीची नावे. धडधाकट माणसाच्या पोटात हे जंतू गेले तरी बहुधा काही होत नाही. परंतु नऊशे ग्रॅम वजनाचे बाळ, भाजलेला रुग्ण, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण किंवा श्वासनलिकेत नळी घातलेला रुग्ण यांच्यासाठी तेच जंतू जिवावर बेततात. 'पाण्याचा अहवाल चांगला आला' एवढ्यावर विसंबून राहता येत नाही, ते यामुळेच. आयएस १०५०० या आपल्या पेयजलाच्या मानकात १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आणि कोलिफॉर्म आढळू नयेत अशी अट आहे. स्यूडोमोनास तपासण्याची अट बाटलीबंद पाण्याच्या मानकात आहे, नळाच्या पाण्याच्या मानकात नाही.

माठ चार दिवस घासला नाही, तर आतून हात फिरवताना जो बुळबुळीतपणा लागतो, तसाच थर पाइपाच्या आतल्या भिंतीवर बसतो. पाणी जिथे थांबते, कोमट होते आणि ज्या रबराला किंवा प्लास्टिकला ते चिकटून राहते, तिथे हा थर जाड होतो. त्यातून वाहणारे क्लोरीनचे पाणी वरच्या पापुद्र्याला लागते, खालचे जंतू शाबूत राहतात.

एका रुग्णालयाच्या नवजात विभागातील प्रसंग सांगते. नळ बाहेरून चकचकीत होता. त्याच्या तोंडाची जाळी पान्याने सोडवली, तेव्हा आतल्या प्लास्टिकच्या चकतीवर क्षारांची पांढरी खपली होती आणि खपलीखाली करड्या रंगाची साय. त्यावरून स्वॅब फिरवून प्लेटवर लावला; दुसऱ्या दिवशी प्लेट हिरवट-निळी झालेली होती आणि झाकण किंचित उचलताच द्राक्षांसारखा गोडसर वास आला. स्यूडोमोनास ओळखायला यापेक्षा जास्त पुरावा लागत नाही. त्याच नळाचे पाणी आम्ही दोनदा घेतले होते, एकदा सकाळी नळ उघडताक्षणी आणि एकदा दोन मिनिटे धार सोडून दिल्यावर. पहिल्या नमुन्यातील वसाहती मोजता येईनात, दुसऱ्यात जेमतेम पाच-सहा होत्या. याचा अर्थ टाकी ठीक होती आणि दोष नळाच्या शेवटच्या वीतभर भागात होता. तोवर तिथले लोक महिनाभर टाकीत टीसीएल पावडर (क्लोरीन देणारी ब्लीचिंग पावडर) ओतत बसले होते.

आता निचऱ्याकडे येते, कारण नळापेक्षा बेसिनचे भोक अनेकदा जास्त घातक ठरते. टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये २००४ ते २००६ या काळात बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनासची लागण ३६ रुग्णांना झाली. शोध घेतला असता उगम हात धुण्याच्या बेसिनांच्या निचऱ्यात निघाला. निचऱ्यात चमकणारा रंग टाकून नळ सोडला आणि अतिनील दिव्याखाली पाहिले, तेव्हा शिंतोडे बेसिनपासून किमान एक मीटर अंतरापर्यंत, म्हणजे खाटेपर्यंत आणि शेजारच्या औषधे तयार करण्याच्या ओट्यापर्यंत उडालेले दिसले. बेसिन उथळ होते आणि नळाची धार थेट भोकावर पडत होती. बेसिनांची रचना बदलली आणि ओट्याच्या बाजूला आडोसा घातला, तेव्हा साथ आटोक्यात आली. पुढे २०१७ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की ट्रॅपमधला, म्हणजे बेसिनखालच्या ज्या वाकड्या नळीत पाणी साचून राहते तिच्यातला, जंतूंचा थर दिवसाला साधारण एक इंच या गतीने वर चढतो आणि आठवडाभरात बेसिनच्या भोकावरच्या जाळीपर्यंत पोहोचतो. ट्रॅपच्या पाण्यात असेपर्यंत जंतू उडत नाहीत; जाळीशी आले की प्रत्येक धारेबरोबर बाहेर पडतात.

म्हणून प्रत्येक खाटेशेजारी बेसिन देणे, हा विश्वस्तांचा आग्रह मी असते तर नम्रपणे परतवला असता. नेदरलँड्समधील नायमेखन येथील विद्यापीठ रुग्णालयाने २०१४ मध्ये आपल्या अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या खोल्यांतून बेसिनेच काढून टाकली, आणि या गटातील जंतूंचे रुग्णांवरील प्रमाण घटले. आपल्याकडे एवढे टोक गाठू नये, कारण हाताला रक्त किंवा मळ लागला असेल तर हँडरब (हातांना चोळायचे जंतुनाशक) पुरत नाही, साबण आणि पाणी लागतेच. अमेरिकेतील नवजात विभागांसाठीच्या शिफारशींमध्ये मधला मार्ग आहे: कोणत्याही खाटेपासून बेसिन २० फुटांपेक्षा लांब नसावे आणि ३ फुटांपेक्षा जवळही नसावे. या हिशेबाने तुमच्या १० खाटांच्या विभागाला दोन, फार तर तीन बेसिने पुरतील. ती खोल असावीत, धार भोकावर पडू नये, ओव्हरफ्लोचे छिद्र नसावे, बूच नसावे आणि नळाच्या तोंडाला जाळी नसावी.

सेन्सरबद्दल. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने हातांनी उघडायच्या आणि सेन्सरच्या नळांची तुलना करून २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. सेन्सरच्या नळांमधील जवळपास निम्म्या नमुन्यांत लीजनेला आढळला, साध्या नळांमध्ये हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. सेन्सरच्या नळात लहान-लहान झडपा आणि रबरी पडदे असतात आणि धार बारीक असते, त्यामुळे आतून तो धुऊन निघत नाही. कोपराने ढकलायचा लांब दांड्याचा नळ हातही लागू देत नाही आणि वीज गेली तरी चालतो.

नळकाम_१९८४

वास्तुरेखाताई, डॉक्टरांना सांगण्यासाठी तुमचा आकडा आधी काढून देतो. आयएस ११७२ या पाणीपुरवठ्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० पर्यंत खाटांच्या रुग्णालयाला खाटेमागे दिवसाला ३४० लिटर पाणी धरतात. ६० खाटांचे झाले २०,४०० लिटर. तुमची एकूण साठवण १ लाख ४० हजार लिटर, म्हणजे रुग्णालय पूर्ण भरलेले असताना सुमारे सात दिवसांची. मात्र नवे रुग्णालय पहिल्या दिवशी भरत नसते. पहिल्या वर्षी २० खाटा चालल्या, तर रोजचा वापर ६,८०० लिटर आणि तेच पाणी साधारण वीस दिवस टाकीत बसणार. नगरपरिषदेने घातलेल्या क्लोरीनचा तोवर मागमूसही उरत नाही. (डायलिसिसचे पाणी यात धरलेले नाही; एका रुग्णाच्या चार तासांना सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागते आणि आरओ जे फेकून देते ते वेगळे. त्याची लाइन टाकीपासूनच स्वतंत्र काढा आणि शुद्ध पाण्याची लाइन वर्तुळाकार ठेवा, म्हणजे यंत्रांनी न घेतलेले पाणी परत फिरते राहील.)

पाच दिवसांआड पाणी येते त्या गावात साठवण कमी करा असे मी सांगणार नाही. तसे सांगणारा माणूस उन्हाळ्यात तिथे राहिलेला नसतो. परंतु जमिनीखालची टाकी एकसंध न बांधता २५ हजारांचे चार कप्पे करा, प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह द्या, आणि रुग्ण कमी असतील तेव्हा दोनच कप्पे वापरात ठेवून बाकीचे कोरडे ठेवा. पाणी आत येण्याचे तोंड एका कोपऱ्यात आणि बाहेर जाण्याचे समोरच्या कोपऱ्यात हवे. दोन्ही तोंडे शेजारी ठेवली तर आलेले पाणी लगेच निघून जाते आणि पलीकडचे तसेच साचून राहते. क्लोरीनचा डोस खालच्या टाकीत हाताने टाकण्यापेक्षा वर चढणाऱ्या लाइनवर लहान डोसिंग पंप बसवा, म्हणजे रोज जेवढे पाणी वर जाईल तेवढ्यालाच ताजे क्लोरीन मिळेल. आणि पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे पाहणारी ओटी टेस्ट करायची ती टाकीखालच्या नळावर नव्हे. इमारतीतल्या सर्वांत लांबच्या नळावर पिवळी छटा दिसली पाहिजे, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीनची.

एक रूढ पद्धत येथे मोडावी लागेल. आपल्याकडे येणारे पाणी आधी अग्निशमनाच्या टाकीत सोडतात आणि ती भरून वाहिली की वापराच्या टाकीत घेतात. आगीचे पाणी त्यामुळे बदलत राहते हे खरे, परंतु क्लोरीन त्या स्थिर पाण्यातच खर्च होते आणि रुग्णांच्या वाट्याला उरलेसुरले येते. तुमच्या अग्निशमन सल्लागारांना ती पद्धत ठेवायचीच असेल, तर क्लोरीनचा डोस त्या टाकीच्या पुढे हवा, आणि तो नकाशावर लिहिलेला हवा.

पाइपांचा नियम सोपा आहे. ज्या लाइनच्या शेवटी रोज उघडणारा नळ नाही, ती लाइन काढू नये. आपले लोक काय करतात? मुख्य पाइपातून प्रत्येक बेसिनला एकेक फाटा देतात आणि क्वचित वापरायच्या खोलीतला फाटा महिनोन्‌महिने बंद असतो. त्याऐवजी पाइप त्या बेसिनच्या पाठीमागून नेऊन पुढे कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहापाशी संपवा. तिथला नळ दिवसातून चाळीस वेळा उघडतो, त्यामुळे मधल्या बेसिनजवळचे पाणीही आपोआप फिरते राहते. 'पुढेमागे लागेल' म्हणून टी (तीन तोंडांचा जोड) टाकून, प्लग मारून सोडलेले तुकडे तर एकही नकोत. ठेकेदार ते हमखास सोडतात, प्लास्टरखाली गाडतात आणि विसरतात. डेड लेग म्हणतात तो हाच.

मे महिन्यात तुमच्या गच्चीवरच्या उघड्या पाइपाला दुपारी हात लावून पाहा, पोळतो. थंड पाण्याची लाइन गच्चीवरून लांबवर फिरवू नका, फिरवावीच लागली तर वेष्टन घाला आणि सावली द्या. डक्टमध्ये, म्हणजे पाइप नेण्याच्या पोकळीत, गरम आणि थंड पाण्याचे पाइप एकमेकांना चिकटून नकोत; आडवे जात असतील तर गरम वर, थंड खाली आणि मध्ये अंतर.

कमोडशेजारच्या जेट स्प्रेकडे कुणाचे लक्ष जात नाही. त्याची नळी बादलीत किंवा कमोडमध्ये लोंबत असताना वरच्या मजल्यावर व्हॉल्व्ह बंद झाला आणि खाली कुणी नळ सोडला, तर ते पाणी उलटे ओढले जाऊ शकते. प्रत्येक स्वच्छतागृहाच्या फाट्यावर पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह द्या. सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरणार असाल, तर त्या लाइनचा रंग वेगळा ठेवा, आणि जेट स्प्रे चुकूनही त्या लाइनवर जोडला जाणार नाही याची खात्री स्वतः उभे राहून करा. दोन्ही पाइप भिंतीतून शेजारी-शेजारी बाहेर येतात आणि प्लंबर संध्याकाळी घाईत असतो.

गरम पाण्यासाठी माझे मत स्पष्ट आहे. ६० खाटांना मध्यवर्ती गरम पाण्याची फिरती लाइन घालू नका. ती नीट चालवायला माणूस लागतो, आणि तो तालुक्याच्या गावी मिळाला तरी टिकत नाही. जिथे गरम पाणी हवे तिथेच लहान गीझर बसवा.

लगानकाठचा

मी मूळचा सोलापूरचा; गेली काही वर्षे उत्तर आयर्लंडमधील रुग्णालयांच्या देखभाल विभागात अभियंता म्हणून काम करतो. सूक्ष्मदर्शी यांनी वीतभर भागाबद्दल लिहिले आहे, त्याची फार मोठी किंमत या प्रदेशाने मोजली आहे. डिसेंबर २०११ मध्ये डेरी शहरातील अल्टनागेल्विन रुग्णालयात एक आणि जानेवारी २०१२ मध्ये बेलफास्टच्या रॉयल ज्युबिली प्रसूती रुग्णालयात तीन, अशी चार नवजात बालके स्यूडोमोनासच्या संसर्गाने दगावली. मी त्यानंतर येथे आलो, परंतु आमच्या प्रशिक्षणाची सुरुवात आजही तिथूनच होते.

नळ उतरवून त्यांचे सुटे भाग प्रयोगशाळेत तपासले गेले. धार सरळ आणि सुबक पडावी म्हणून नळाच्या तोंडात बसवलेल्या जाळीदार प्लास्टिकच्या तुकड्यांवर जंतूंचे प्रमाण सर्वाधिक निघाले. पाणी उडू नये म्हणून केलेली सोय जंतूंचे घरटे झाली होती. त्यानंतर नवजात विभागात बाळाला पुसण्यासाठी नळाचे पाणी न वापरता निर्जंतुक पाणी वापरण्याची सूचना आली. प्रत्येक रुग्णालयात पाणी सुरक्षा गट बसतो. त्यात अभियंता, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि परिचारिका एकत्र असतात, आणि नवे बेसिन बसवायचे असो वा जुने काढायचे, या तिघांच्या सह्यांशिवाय हलत नाही.

तुमच्यासाठी सर्वांत उपयोगी ठरेल असा मुद्दा मात्र बांधकामाच्या शेवटच्या सहा महिन्यांचा आहे. ठेकेदार लाइन टाकून झाली की पाणी भरून दाबाची चाचणी घेतो, बिल काढतो आणि निघून जातो. उद्घाटनाला मग मंत्र्यांची तारीख मिळत नाही, परवाने अडतात, आणि तेच पाणी बंद इमारतीत पाच-सहा महिने कोमट होत राहते. पहिला रुग्ण येण्याआधीच थर बसलेला असतो आणि एकदा बसलेला थर पूर्णपणे काढणे जवळजवळ अशक्य असते. चाचणी शक्य तितकी उशिरा घ्या, ती क्लोरीनयुक्त स्वच्छ पाण्याने घ्या, आणि पाणी भरल्यापासून रुग्णालय सुरू होईपर्यंत प्रत्येक नळ आठवड्यातून दोनदा सोडण्याचे काम ठेकेदाराच्या करारातच घाला. पाण्याऐवजी हवेच्या दाबाने चाचणी घेण्याची पद्धत येथे आहे, परंतु तुमच्याकडे सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे) पाइप असतील तर ती वापरू नका. दाबलेल्या हवेने तो पाइप फुटून तुकडे उडतात आणि उत्पादकही तसे करू नका असेच सांगतात.

ताबा घेण्याआधी संपूर्ण लाइन लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनच्या पाण्याने तासभर भरून ठेवतात आणि मग प्रत्येक नळातून ते धुऊन काढतात, ही येथील रीत आहे. १० हजार लिटरला ५०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३३ टक्के शक्तीची ताजी टीसीएल पावडर दीड किलो. पोते उघडे पडून शिळे झाले असेल तर हा हिशेब चुकतो.

सूक्ष्मदर्शी

नळकाम काकांच्या जवळपास सगळ्या मुद्द्यांशी मी सहमत आहे. गीझरबद्दल मात्र थोडी तक्रार आहे. मध्यवर्ती लाइन नको हे मान्य. परंतु आपल्या अंगवळणी पडलेली सवय अशी की गीझर ४५ अंशांवर ठेवायचा आणि वापर झाला की बटण बंद करायचे. चांगले वेष्टन असलेल्या २५ लिटरच्या टाकीतले पाणी त्यानंतर कित्येक तास कोमट राहते. लीजनेला हा जंतू २० ते ४५ अंशांच्या दरम्यान वाढतो, ६० अंशांवर काही मिनिटांत मरतो. बंद केलेला गीझर त्याला रात्रभर ऊब देतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनानंतर जी न्यूमोनियाची साथ आली, तिच्यामुळे या जंतूला हे नाव मिळाले. त्याची लागण पाणी पिऊन नव्हे, तर पाण्याचे सूक्ष्म तुषार श्वासातून आत गेल्याने होते. म्हणून शॉवर आणि हातशॉवर यांच्याकडे विशेष लक्ष हवे. तुमच्या आराखड्यात किती शॉवर आहेत, ते एकदा मोजा. आपल्याकडचे बहुतेक रुग्ण बादली-तांब्यानेच आंघोळ करतात.

यावर उपाय असा: गीझर ६० अंशांवर कायम ठेवावा, आणि हात भाजू नये म्हणून थंड पाणी मिसळणारा तापमान-नियंत्रक मिक्सर नळाच्या अगदी जवळ बसवावा. मिक्सर गीझरपाशी बसवला तर तिथून नळापर्यंतचा सगळा पाइप कोमट पाण्याने भरलेला राहतो. काही खोल्यांत, खास करून नवजात विभागात, हात धुण्यासाठी गरम पाणी मुळात लागतेच का, हाही प्रश्न विचारावा. मराठवाड्यात वर्षाचे नऊ महिने लागणार नाही.

सोलर हवाच असेल, तर त्याचे पाणी थेट नळाला न देता आधी तापलेले पाणी म्हणून गीझरला द्यावे. एप्रिलमध्ये सोलरचे पाणी ६० अंशांच्या वर जाते, पण श्रावणात चार दिवस ऊन पडले नाही की ते ३५-४० वर रेंगाळते. नेमके जंतूंच्या आवडीचे. शेवटचा चटका गीझरनेच द्यायला हवा. थंड पाणी २० अंशांखाली ठेवण्याचा ब्रिटिश नियम आपल्याला वर्षातील बहुतेक काळ पाळता येणार नाही, त्यामुळे तिथे क्लोरीन आणि फिरते पाणी या दोनच गोष्टी आपल्या हाती उरतात.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. बावीस वर्षांपैकी चौदा नवजात विभागात काढली. अभियंते आणि डॉक्टर यांनी लिहिलेले सगळे पटले, पण बेसिनचे प्रत्यक्षात काय होते ते सांगायला हवे.

हात धुण्याचे बेसिन म्हणून दिलेल्या जागी आम्ही काय ओतत नाही? उरलेले दूध, सलाईनच्या बाटलीतला तळ, प्रतिजैविकाच्या सिरिंजमधले उरलेले दोन थेंब, रात्री तीन वाजताचा गार चहा. तसे करू नये हे आम्हाला कळते. परंतु घाण ओतण्याचे सिंक कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि विभागात दोघीच असू, तर कुणीही बाळांना सोडून तितके चालणार नाही. म्हणून ताई, विभागाच्या आतच, खाटांपासून दूर, दार असलेली लहानशी धुण्याची खोली द्या. तिथे मोठे सिंक आणि फरशी पुसण्याची बादली भरण्याचा नळ असू द्या. ती खोली दिली तर हात धुण्याचे बेसिन आपोआप स्वच्छ राहील.

दुसरे, बेसिनच्या शेजारी ओटा देऊच नका. जागा सपाट दिसली की तिथे ट्रे ठेवला जातो, ट्रेवर दुधाची वाटी आणि पळी, आणि मग टोरांटोच्या शिंतोड्यांची गोष्ट आमच्याकडेही घडते. आमच्या विभागात एकदा या जागेवर "येथे काही ठेवू नये" असा कागद चिकटवला होता. महिन्याभरात त्या कागदावरच औषधांचा ट्रे होता. जागा उतरती करा किंवा भिंत बेसिनच्या कडेपर्यंत आणा.

आणि बंद खोल्यांचे नळ रोज सोडायचे कुणी, हे कागदावर कुणाच्या तरी नावाने असावे. आमच्याकडे ते काम सकाळी लादी पुसणाऱ्या मावशींकडे दिले होते. त्या खोलीत जातातच, नळ सोडतात, तोवर खिडकी पुसतात, नळ बंद करतात. नळाचे तोंड पुसताना त्यांनी आधी निचऱ्याचे भोक घासलेले फडके वापरू नये, एवढे एकदा शिकवावे लागले. आधी नळ, मग बेसिनची कड, मग भोक, आणि दोन फडकी वेगवेगळ्या रंगांची.

वास्तुरेखा

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस नकाशे पुन्हा उलगडून बसले. आमच्या पहिल्या आराखड्यात दोन्ही अतिदक्षता विभाग मिळून १६ बेसिने होती, आता पाच आहेत. नवजात विभागातील तीनपैकी एक दाराशी आहे आणि उरलेली दोन खाटांपासून चार फुटांवर. दूध तयार करण्याची जागा दुसऱ्या भिंतीला, आडोशाआड नेली. जुन्या भांडारखोलीतून धुण्याची खोली निघाली. जमिनीखालची टाकी चार कप्प्यांची झाली आणि अग्निशमनाची टाकी वेगळी पडली. शॉवर मोजले, २२ होते. खासगी खोल्यांतले ६ ठेवले. नवजात विभागाच्या छतावरून वरच्या मजल्याचा मैल्याचा पाइप आडवा जात होता, तेही या निमित्ताने लक्षात आले. तो आता कॉरिडॉरवरून वळवला आहे.

बालरोगतज्ज्ञांना वीस दिवसांचा आकडा सांगितला. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग कप्प्यांचा नकाशा मागून घेतला.

सेन्सरच्या नळांवर विश्वस्त अजून अडून आहेत, आणि त्याचे कारण मला येथे आधी लिहायला संकोच वाटला होता. प्रत्येक बेसिनवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावायची असून १६ पाट्यांचे पैसे जमा झालेले आहेत. शिवाय सेन्सरचे ३० नळ एका दानशूर कुटुंबाने आधीच विकत घेऊन पाठवले आहेत; खोकी साइटवर पडून आहेत. ते परत करणे शक्य दिसत नाही. त्यांचा निरुपद्रवी वापर कुठे होऊ शकेल का?

नळकाम_१९८४

होईल. बाह्यरुग्ण विभागाच्या प्रतीक्षागृहाशेजारची स्वच्छतागृहे, उपाहारगृहाबाहेरची हात धुण्याची जागा आणि तुमचे विश्वस्त कार्यालय. तिन्ही ठिकाणी दिवसभर वर्दळ असते, पाणी थांबत नाही आणि आजारी माणूस खाटेवर झोपलेला नसतो. बसवण्याआधी तोंडाच्या जाळ्या काढून ठेवा आणि आतला पडदा सोडवून साफ करता येतो का ते पाहा. न येणारे नळ खोक्यातच राहू द्या. पाट्या बेसिनवर न लावता दाराशेजारच्या भिंतीवर लावा, सोळाच्या सोळा तिथे मावतील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचताही येतील. बेसिनवर पाटी लावायला स्क्रूची चार भोके पाडावी लागतात, आणि त्या भोकांत पाणी मुरते.